जन्माचा रकाना

प्रागमध्ये २० नोव्हेंबर १९५२ रोजी जे आरोपपत्र वाचलं गेलं, त्यात चौदा माणसं आहेत. प्रत्येकाचं नाव, जन्म, पक्षातला किंवा सरकारातला हुद्दा आणि त्याला लागूनच तो जन्माने कोण. रुडॉल्फ स्लान्स्की, चेकोस्लोव्हाक कम्युनिस्ट पक्षाचा माजी सरचिटणीस, ज्यू वंशाचा. आणखी दहा जणांपुढे तेच. योसेफ फ्रँक आणि कारेल श्वाब यांच्यापुढे चेक. माजी परराष्ट्रमंत्री व्लादिमिर क्लेमेंटिसपुढे स्लोव्हाक. चौदाही जण अशा पक्षात वाढले होते, की ज्याने धर्म आणि वंश या गोष्टी इतिहासजमा झाल्याचं केव्हाच जाहीर केलं होतं.

मग तो रकाना तिथे कशाला? इतिहासकारांकडे उत्तरं आहेत. मॉस्कोहून आलेले सल्लागार, स्टालिनचा म्हातारपणी उफाळलेला ज्यूद्वेष, अमेरिकेकडे झुकलेला इस्रायल. ती सगळी मला मान्य आहेत. पण मी आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे माझा किडा वेगळा. जन्माला काही अर्थ नाही असं मानणाऱ्या पंथाला जन्माची नोंद मुळात ठेवावीशी का वाटते? आणि ठेवल्यावर ती तो कधी बाहेर काढतो?

हा किडा डोक्यात शिरायला घरचं कारण आहे. मी सोलापूरची. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही आणि वर कन्नड. नाना गिरणीत होते आणि लाल बावट्याचे होते. कुणी जात विचारली तर ‘कामगार’ म्हणून सांगत आणि समोरच्याचा चेहरा बघत बसत. माझ्या शाळेच्या दाखल्यावर मात्र मास्तरांनी ‘हिंदू पद्मशाली’ असं ठसठशीत लिहिलं आणि नाना काही बोलले नाहीत. कॉलेजात गेल्यावर मी त्यांना एकदा आंबेडकरांचा मुद्दा ऐकवला. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, आणि ते खातं जास्त पगाराचं. १९२८च्या संपात आंबेडकरांनी हे पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडलं होतं. नाना चिडले. म्हणाले, “संप फोडायला असलेच मुद्दे काढतात.” मग बराच वेळ विडी ओढत बसले. त्यांना तो मुद्दा कळला नव्हता असं मला वाटत नाही.

चेकोस्लोव्हाकियात फेब्रुवारी १९४८ नंतर पक्षाची सत्ता आली तेव्हा प्रत्येक नोकरीला, प्रत्येक प्रवेशाला एक प्रश्नावली जोडली गेली. आईवडील काय करत होते, मालमत्ता किती होती, परदेशात नातलग कोण. बाप कारखानदार होता म्हणून मुलीला विद्यापीठाचं दार बंद. मुलीने स्वतः काय केलं, हा प्रश्न त्या कागदावर नव्हता. वर्ग ही आर्थिक गोष्ट आहे, ती बदलते, असं मार्क्सवाद सांगतो. प्रश्नावलीत ती बापाकडून मुलीकडे येत होती. म्हणजे वारशाने दोष येतो ही कल्पना पक्षाच्या कचेरीत आधीच रुजू झालेली होती. तिथे ‘भांडवलदाराचा मुलगा’ बसू शकत होता तर ‘ज्यूचा मुलगा’ बसायला फार हलवाहलव करावी लागणार नव्हती.

याच्या आधीची गोष्ट जरा निराळी आहे. १९१८ नंतरच्या पहिल्या चेकोस्लोव्हाक प्रजासत्ताकात, १९२१ आणि १९३०च्या जनगणनेत, माणसाला आपली राष्ट्रीयता ‘ज्यू’ अशी सांगता येत असे, भाषा कोणतीही असो. कुणी चेक सांगितली, कुणी जर्मन, कुणी ज्यू. तिथे रकाना माणूस स्वतः भरत होता, एवढा फरक मला पुरेसा मोठा वाटतो. १९४५ मध्ये छावण्यांतून जे परत आले, त्यांतल्या ज्यांनी १९३०ला ‘जर्मन’ सांगितलं होतं, त्यांना कळलं की आपल्याला आता जर्मन धरलेलं आहे. तीसेक लाख जर्मनांना देशाबाहेर काढण्याचं काम तेव्हा सुरू होतं. हिटलरने ज्यांना ज्यू म्हणून मारायला नेलं, त्यांना परतल्यावर आपण चेक राष्ट्राशी निष्ठावान होतो हे कागदपत्रांनी सिद्ध करायचं होतं. गृहखातं त्या वेळी कम्युनिस्टांकडे होतं, पण या पापाचे वाटेकरी इतरही पक्ष होते. राष्ट्राध्यक्ष बेनेश यांचे जर्मनांविरुद्धचे हुकूम सगळ्यांना मान्य होते.

स्लोव्हाकियात तर युद्धकाळात राष्ट्राध्यक्ष एक कॅथलिक पाद्री होता, योसेफ टिसो. त्याच्या सरकारने १९४२ मध्ये सुमारे ५८ हजार ज्यू जर्मनांच्या हवाली केले आणि वर प्रत्येक माणसामागे ५०० मार्क जर्मनीला मोजले. विकलं असं म्हणायची सोय नाही. पैसे देऊन घालवलं. वाचून परतलेल्यांना घर, दुकान परत हवं होतं आणि त्यात आता शेजारी राहत होते. २४ सप्टेंबर १९४५ला टोपोल्चानी गावात अफवा उठली की ज्यू डॉक्टर लस टोचताना मुलांना विष देतोय. जमावाने ज्यूंना घराघरांतून काढून मारहाण केली. पोलंडमध्ये किएल्त्से शहरात ४ जुलै १९४६ला एक लहान मुलगा सांगत आला की ज्यूंनी मला तळघरात कोंडलं होतं. त्याने दाखवलेल्या प्लांटी रस्त्यावरच्या इमारतीला तळघरच नव्हतं. संध्याकाळपर्यंत ४२ ज्यू मेले होते, आणि मारणाऱ्यांत गणवेशातले सैनिक आणि पोलीसही होते. ख्रिस्ती मुलांचं रक्त काढणारे ज्यू ही मध्ययुगातली कहाणी नाझींच्या पराभवानंतर चौदा महिन्यांनी पुन्हा माणसं मारू शकली. चेन्स्तोहोवाचे बिशप तेओदोर कुबिना यांनी ही रक्ताची गोष्ट धादांत खोटी असल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या बाजूने बोलणारे बिशप फार निघाले नाहीत. पोलंडच्या चर्चचे प्रमुख कार्डिनल ह्लोंद यांनी खुनाचा निषेध केला आणि पाठोपाठ सत्तेच्या जागांवर बसलेल्या ज्यूंना लोकांच्या रोषासाठी जबाबदार धरलं.

अशा दिवसांत एक पक्ष उभा राहून सांगत होता की तू जन्माने कोण आहेस याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. बहुतेक ज्यूंनी देश सोडला. जे राहिले त्यांतल्या काहींनी या पक्षाचा हात धरला. मला यात विचारधारेपेक्षा थकवा जास्त दिसतो. हेडा मार्गोलियस यांचं आत्मचरित्र वाचताना हे फार जाणवतं. प्रागची ही मुलगी वूचच्या घेट्टोतून आउशवित्झला गेली, १९४५ मध्ये कैद्यांच्या पायी तांड्यातून निसटून प्रागला पोचली, आणि जुन्या मित्रमंडळींपैकी बहुतेकांनी तिला दार उघडताच भीतीने पांढरं पडून परत पाठवलं. तिचा नवरा रुडॉल्फ, तोही आउशवित्झ आणि दाखाऊ पाहून आलेला, युद्धानंतर पक्षात गेला. पुन्हा हे कधीही होऊ नये, एवढ्यासाठी. व्यापार खात्यात तो उपमंत्री झाला. आरोपपत्रातल्या चौदांपैकी एक तोच.

पोलंडमध्ये याच वेळी शेजारीपाजारी ‘ज्यू म्हणजे कम्युनिस्ट’ असं समीकरण मांडत होते. सत्तेतल्या याकुब बेर्मान आणि हिलारी मिंत्स या दोन ज्यूंची नावं त्यासाठी पुरत. बेर्मानच्या हाताखाली गुप्त पोलिसांचं खातं होतं, हे खरंच आहे, आणि त्या खात्याच्या तळघरांत पोलिश देशभक्तांना काय सोसावं लागलं तेही खरं आहे. पण बेर्मानचा हिशेब किएल्त्सेच्या शिंप्याकडून वसूल करायचा, ही विद्या कुठली?

स्लान्स्की खटल्याकडे परत येते. स्लान्स्कीबद्दल मला सहानुभूती वाटवून घेता येत नाही. १९५०च्या जूनमध्ये मिलादा होराकोव्हा या विरोधी राजकारणातल्या बाईंना फाशी दिलं गेलं तेव्हा सरचिटणीस तोच होता. जी चक्की त्याने फिरवली तीत तो सापडला. पण मार्गोलियस? किंवा एव्हजेन लोबल? परकीय व्यापार खात्यातली ही माणसं. इस्रायलशी केलेले व्यवहार त्यांच्या अंगाशी आले. १९४८ मध्ये इस्रायलला बंदुका आणि लढाऊ विमानं चेकोस्लोव्हाकियानेच विकली होती, स्टालिनच्या संमतीने. चार वर्षांत तोच व्यवहार राष्ट्रद्रोह झाला. आणि क्लेमेंटिस, जो १९३९च्या हिटलर-स्टालिन कराराला नाक मुरडून बसला होता, तो ‘स्लोव्हाक भांडवली राष्ट्रवादी’.

सगळ्यांनी कबुली दिली. उत्तरं पाठ करून घेतलेली होती, रेडिओवरून देशभर ऐकवली गेली. १९६८ला पॅरिसमध्ये आर्तुर लंडनचं पुस्तक आलं, पुढे कोस्ता गाव्रासने त्यावर चित्रपट केला, तो मी फिल्म सोसायटीत पाहिला. जन्मठेप झालेल्या तिघांपैकी लंडन एक. झोपू न देणं, तासन्‌तास चालायला लावणं, बायकामुलांवरून धमक्या, हे सगळं त्यात आहेच. मला जास्त अस्वस्थ केलं ते शेवटच्या युक्तिवादाने: तू खरा कम्युनिस्ट असशील तर पक्षाला आज तुझ्या कबुलीची गरज आहे, ही शेवटची सेवा कर. इथे माझ्या विषयाची सीमा लागते. सत्यापेक्षा मोठी अशी एखादी गोष्ट एकदा मानली, मग तिला देव म्हणा, चर्च म्हणा, इतिहास म्हणा, की स्वतःविरुद्ध खोटी साक्ष देणं हे पुण्यकर्म ठरू शकतं. लुडविक फ्रेइका या आरोपीच्या मुलाने बापाला देहदंड द्या असं पत्र न्यायालयाला लिहिलं, आणि ते वृत्तपत्रात छापलं गेलं. त्या मुलाला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. त्याला बापापेक्षा मोठं काहीतरी शिकवलेलं होतं.

अकरा जणांना ३ डिसेंबर १९५२ रोजी फाशी झाली. १९६८च्या मोकळ्या महिन्यांत छापून आलं की त्यांची राख पोत्यात भरून गुप्त पोलीस प्रागबाहेर घेऊन गेले आणि बर्फाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर गाडीच्या चाकांखाली टाकली. हेडाबाईंना १९६३मध्ये कळवण्यात आलं की नवरा निर्दोष होता. भरपाईसाठी नुकसानीची यादी मागितली गेली. नवरा, मुलाचा बाप, अब्रू, तब्येत, असं लिहीत त्या गेल्या, आणि मालमत्ता अगदी तळाला लिहिली. २०१८मध्ये प्रागजवळ एका दिवाळखोर कंपनीच्या इमारतीत लाकडी खोकी सापडली. त्यांत या खटल्याच्या फिल्मची रिळं आणि ध्वनिमुद्रणं होती.

आता जे मला म्हणायचं आहे त्याच्यापाशी मी आले. भाचीकडे ब्रनोला गेले होते तेव्हा प्रागचं पिंकस सिनेगॉग पाहिलं. आत मूर्ती नाही, दिवा नाही, भिंतीभर नावं. बोहेमिया आणि मोराव्हियातल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची. गावाप्रमाणे लावलेली, आडनाव लाल, मग नाव, मग जन्मतारीख. दोन चित्रकारांनी १९५४ ते १९५९ या काळात ती हाताने लिहिली. म्हणजे कम्युनिस्ट राजवटीतच, हे इथे मान्य करायला हवं. १९६८नंतर मात्र सिनेगॉग बंद झालं. भिंतींना ओल आली आहे, असं कारण होतं. ओल होतीही. पण ओल काढायला वीस वर्षं लागली नसती. भिंतींचा गिलावा गेला, नावं गेली, आणि १९८९नंतर राजवट बदलल्यावर ती सगळी पुन्हा लिहावी लागली.

पोलंडमध्ये याहून स्वच्छ उदाहरण आहे. तिथल्या मोठ्या सार्वजनिक ज्ञानकोशाच्या आठव्या खंडात नाझी छावण्यांवर नोंद होती. तिच्यात छळछावण्या आणि संहारछावण्या असा फरक केला होता, आणि संहारछावण्यांत मेलेले जवळजवळ सगळे ज्यू होते हे सांगितलं होतं. १९६७मध्ये यावर गदारोळ झाला: पोलिश बलिदान झाकता? संपादकांना घरी पाठवलं आणि नोंद बदलून नवा मजकूर छापला. पोलंडचे ३० लाख ज्यू मेले, पण मेल्यावर त्यांनी ‘फॅसिझमचे बळी’ व्हायचं, ‘पोलिश नागरिक’ व्हायचं. ज्यू व्हायचं नाही. आउशवित्झला १९६७मध्ये जे मोठं स्मारक उभं राहिलं त्याच्या मजकुरातही ज्यू हा शब्द नव्हता.

आणि त्याच काळात जिवंत ज्यूंच्या याद्या होत होत्या. १९ जून १९६७ला पोलंडचा पक्षप्रमुख गोमुल्काने भाषणात घरभेद्यांचा इशारा दिला. ८ मार्च १९६८ला वॉर्सा विद्यापीठात विद्यार्थी जमले, ते मित्सकेविचच्या एका जुन्या नाटकाचे प्रयोग बंद केल्याच्या निषेधात. दुसऱ्याच आठवड्यात वृत्तपत्रं त्यांच्या पुढाऱ्यांची नावं छापू लागली, आणि नावांबरोबर आईबापही. १९ मार्चच्या भाषणात गोमुल्काने ज्यूंचे तीन प्रकार सांगितले: ज्यांचं मन इस्रायलमध्ये आहे त्यांना जाऊ द्या, ज्यांना धड ज्यू आणि धड पोलिश वाटत नाही त्यांना नाजूक जागांवर ठेवू नका, आणि बाकीचे आपले. वर्गवारी करणाऱ्या या माणसाची बायको ज्यू होती. पुढच्या दोनतीन वर्षांत सुमारे १३ हजार माणसं वॉर्साच्या ग्दान्स्की स्टेशनवरून गेली. हातातल्या प्रवासी कागदावर लिहिलेलं असे की हा धारक पोलंडचा नागरिक नाही. कोण आहे, ते लिहिलेलं नसे.

म्हणून म्हणते, आक्षेप नोंदीवर घेऊन भागत नाही. पिंकसच्या भिंतीवरही नाव आणि जन्मतारीखच आहे. माझ्या दाखल्यावरचा तो शब्द पुढे कुणाकुणाच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळवून देऊन गेला. तो रकानाच पुसा म्हणणारे आज आमच्याकडे भेटतात तेव्हा मी त्यांच्या बाजूला जात नाही. पण जी राजवट शोक करताना तुमचा जन्म बघायला तयार नसते आणि आरोप करताना मात्र तोच आधी बघते, तिने समतेचं नाव घेऊन जे केलं त्याला काय म्हणायचं? नानांनी ‘कामगार’ म्हटलं त्यात कपट नव्हतं. पण विणकाम खात्याच्या दारात ज्याला अडवलं त्याच्या दुःखाला त्या शब्दात जागा नव्हती, आणि संपात फूट पडल्यावर मात्र तो कोण होता हे सगळ्यांना नेमकं आठवत असे.

धर्मांनी तरी हा प्रश्न कुठे सोडवला आहे? ज्यूंच्या ग्रंथात एका ठिकाणी बापाच्या अपराधाचा जाब तिसऱ्याचौथ्या पिढीपर्यंत घेणारा देव आहे. पुढे यहेज्केल संदेष्टा उठून सांगतो की नाही, मुलगा बापाचं पाप वाहणार नाही, ज्याने केलं तोच मरेल. दोन्ही एकाच ग्रंथात, आणि कुणी एक खोडलेलं नाही. ख्रिस्ती लोकांनी येशूच्या वधाचा दोष शतकानुशतकं अख्ख्या ज्यू जमातीवर ठेवला. व्हॅटिकनने तो १९६५मध्ये उतरवला, म्हणजे किएल्त्सेनंतर १९ वर्षांनी. आपल्याकडे कर्मसिद्धान्त दिसायला फार न्यायी. ज्याचं त्याने भोगायचं, बापाचं नाही. पण गेल्या जन्मीचं कर्म कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून या जन्मीची जातच पुरावा झाली. तू इथे जन्मलास म्हणजे तसं काही केलंच असशील. वर्गात मी हे सांगायची तेव्हा पहिल्या बाकावरची मुलं अस्वस्थ व्हायची आणि शेवटच्या बाकावरची ताठ बसायची. स्लान्स्की खटल्यातला ‘ज्यू वंशाचा’ हा उल्लेख असाच काम करतो. बाकीचा पुरावा त्याच्यामागून गोळा होतो.

दुःख भोगलेला माणूस दुसऱ्याला असं वागवणार नाही, अशी एक भाबडी आशा आपण बाळगतो. गोमुल्काला १९५१मध्ये अटक झाली होती, आरोप राष्ट्रवादाकडे झुकल्याचा. तीनेक वर्षं कोंडून ठेवलं. चेकोस्लोव्हाकियात गुस्ताव हुसाकला त्याच साली धरलं, क्लेमेंटिससारखाच ‘स्लोव्हाक राष्ट्रवादी’ म्हणून. जन्मठेप झाली, १९६०मध्ये सुटला. खटल्यात त्याने कबुली दिली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पहिल्याने ज्यूंचे तीन प्रकार केले. दुसरा एप्रिल १९६९मध्ये पक्षाचा प्रमुख झाला आणि लाखो सभासदांना पक्षातून, नोकऱ्यांतून काढण्याचा कार्यक्रम त्याने शांतपणे पार पाडला. स्लोव्हाकांना १ जानेवारी १९६९पासून संघराज्य मिळालं. प्रागच्या वसंतातली, म्हणजे १९६८च्या त्या मोकळ्या महिन्यांतली, तेवढी एकच मागणी रणगाडे येऊनही टिकली. ती स्लोव्हाकांना हवी होती; चेकांना हवं होतं ते स्वातंत्र्य गेलं, आणि यातून दोघांच्या मनात जी अढी बसली ती १९९३पर्यंत, वेगळे होईपर्यंत, गेली नाही. चेक आणि पोलिश यांच्यातलं जुनं भांडण, त्येशिनच्या कोळसापट्टीचं, १९५८च्या सीमाकराराने गाडलं होतं. त्यावर बोलणं बंधुत्वाच्या विरुद्ध समजलं जाई. मग ऑगस्ट १९६८मध्ये पोलिश रणगाडे त्याच बंधुत्वाच्या नावाने बोहेमियात शिरले. त्याविरुद्ध ८ सप्टेंबरला वॉर्साच्या स्टेडियममध्ये, भर सुगीच्या सोहळ्यात, रिशार्द सिवेत्स या हिशेबनिसाने स्वतःला पेटवून घेतलं. प्रागमध्ये असंच पेटवून घेणाऱ्या यान पालाखच्या चार महिने आधी. गच्च भरलेल्या स्टेडियमात बँड वाजत राहिला आणि देशाला कित्येक महिने कळलंही नाही.

मारेक एडेलमन यांचा उल्लेख राहू नये. वॉर्सा घेट्टोच्या उठावातले ते वाचलेले सेनानी, नंतर वूचमध्ये हृदयरोगतज्ज्ञ. १९६८च्या लाटेत त्यांची नोकरी गेली, पुढे बायको-मुलं फ्रान्सला गेली. ते राहिले. तरुणपणी ते बुंद या समाजवादी ज्यू संघटनेचे. ज्यू असणं आणि इथलं असणं यांत निवड करायची असते, हे त्या संघटनेला मान्यच नव्हतं.

नानांच्या खोलीत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो होता. सोलापूरच्या लाल बावट्याच्या घरात तो असायचाच. आमच्या गावचा डॉक्टर, १९३८मध्ये जपान्यांविरुद्ध लढणाऱ्या चीनला गेला आणि तिथेच १९४२ला वारला. फ्रान्टिशेक क्रीगल हे नाव मात्र मी नानांकडून कधी ऐकलं नाही. तेही डॉक्टर, तेही १९३९पासून त्याच युद्धात, चिनी रेड क्रॉसबरोबर. कोटणीस उत्तरेला, हे दक्षिणेत. जन्म १९०८, स्तानिस्वावूफला, गॅलिशियात. तेव्हा ऑस्ट्रियाचं, पुढे पोलंडचं, आज युक्रेनचं गाव. पोलंडमध्ये ज्यूंना वैद्यकीला प्रवेश मिळणं कठीण, म्हणून प्रागला आले, तिथे कम्युनिस्ट झाले. मग स्पेनच्या यादवीत डॉक्टर. मग चीन. फेब्रुवारी १९४८मध्ये सत्ता घेणाऱ्या कामगार सेनेच्या वरच्या फळीत ते होते, हे लपवायचं कारण नाही. स्लान्स्की खटल्याच्या काळात आरोग्य खात्यातलं पद गेलं आणि ते एका कारखान्याचे डॉक्टर झाले. १९६८मध्ये पक्षाच्या सर्वोच्च मंडळात आले.

सोव्हिएत फौजा शिरल्या तेव्हा, २१ ऑगस्टला, पक्षप्रमुख दुबचेकबरोबर त्यांनाही पकडून मॉस्कोला नेलं. गॅलिशियाचा हा ज्यू इथे काय करतोय, अशा अर्थाचे शब्द सोव्हिएत नेत्यांनी तिथे काढले, हे बरोबरच्यांनी पुढे सांगितलं. बोलणी चालली त्या दालनापासून क्रीगल यांना दूर ठेवलं. २६ ऑगस्टला शरणागतीचा मसुदा समोर आला. सगळ्यांनी सही केली. क्रीगल यांनी केली नाही. साठ वर्षांचे, मधुमेही, एकटे. सही न करण्याचं कारण त्यांनी ज्यू म्हणून दिलं नाही, चेक म्हणूनही नाही. त्यांना देशात परतता येईल की नाही याचीही खात्री नव्हती. १९५२च्या त्या चौदांसमोर हीच मागणी होती, पक्षाला तुझी सही हवी आहे. क्रीगल तेव्हाही कम्युनिस्ट होते आणि नंतरही स्वतःला समाजवादीच म्हणवत राहिले. श्रद्धा शाबूत ठेवून आज्ञा मोडता येते का, हा परीक्षेला घालायचा प्रश्न मी दरवर्षी टाळत आले. मुलं पाठ केलेली उत्तरं लिहितात. क्रीगल यांचं उत्तर मला माहीत असलेल्यांत सगळ्यात आखूड आहे.

ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत फौजांच्या मुक्कामाचा करार संसदेत आला तेव्हा विरोधात चार हात वर झाले. क्रीगल, व्होड्स्लोन, बोझेना फुकोव्हा, आणि गेर्ट्रूडा सेकानिनोव्हा-चाक्रतोव्हा. या शेवटच्या बाई आउशवित्झहून परतलेल्या. दोघांचे जन्माचे रकाने एक, दोघांचे दुसरे. मे १९६९मध्ये हुसाकच्या पक्षाने क्रीगल यांना काढून टाकलं. पुढे त्यांनी मानवी हक्कांच्या ‘सनद ७७’वर सही केली, घरावर पहारे बसले, आणि ३ डिसेंबर १९७९ला ते गेले.

१९६८च्या त्या ऑगस्टात मॉस्कोहून निघायची वेळ झाली तेव्हा सोव्हिएत अधिकाऱ्यांचा विचार क्रीगल यांना ठेवून घेण्याचा होता. ज्यांनी सही केली होती, त्यांनीच तिथे पाय रोवले. दुबचेक हा स्लोव्हाक, त्याचे सहकारी स्म्रकोव्स्की आणि चेर्निक हे चेक, सगळे थकलेले, हरलेले. क्रीगल आल्याशिवाय आम्ही जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. अखेर क्रीगल यांना विमानतळावर आणावं लागलं, आणि सगळे एकाच विमानाने प्रागला परतले.